हायरॉक्सच्या निकालातली स्वस्त आणि महाग मिनिटं

हायरॉक्स नावाची फिटनेस शर्यत पूर्ण केलेल्या कुणालाही 'कशी झाली?' विचारा, उत्तर एका आकड्यात येतं. "एक एकोणचाळीस." म्हणजे १ तास ३९ मिनिटं. स्टोरीवर टाकायला हा आकडा झकास आहे, पण पुढच्या शर्यतीची तयारी करायला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच निकालाच्या पानावर खाली सतरा ओळी असतात आणि खरा मजकूर तिथे असतो. त्या ओळी कशा वाचायच्या, आणि कुठे त्या आपल्याला चकवतात, त्याबद्दल हा लेख आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१७ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये शर्यतींचे आयोजक क्रिस्टियान टोट्झके आणि हॉकीपटू मोरिट्झ फ्युर्स्टे यांनी ही शर्यत सुरू केली. (फ्युर्स्टे म्हणजे २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या जर्मन संघातला, आपल्याकडच्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांची आणि कलिंगाकडून खेळलेला. हॉकी पाहणाऱ्यांना नाव आठवेल.) एक किलोमीटर पळायचं, एक स्टेशन म्हणजे व्यायामाचा टप्पा करायचा, असं आठ वेळा. स्टेशनांचा क्रम जगभर एकच: १००० मीटर स्कीअर्ग (दोऱ्या खाली ओढायचं मशीन), ५० मीटर स्लेड पुश (वजनदार घसरगाडी ढकलणं), ५० मीटर स्लेड पुल (तीच दोराने ओढणं), ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर आडवं होऊन उठायचं आणि पुढे लांब उडी), १००० मीटर रोइंग (वल्हवण्याचं मशीन), २०० मीटर फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजनं घेऊन चालणं), १०० मीटर सँडबॅग लंजेस (खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघा टेकवत चालणं) आणि शेवटी १०० वॉल बॉल (चेंडू उंच गोलावर मारणं). भारतात ती पहिल्यांदा मे २०२५ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या नेस्को संकुलात झाली. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या जिममध्ये स्लेडसाठी रांग लागायला लागली आहे.

क्रम आणि वजनं ठरलेली असल्यामुळेच या निकालांचा अभ्यास करता येतो. मॅरेथॉनमध्ये पाच-पाच किलोमीटरचे स्प्लिट म्हणजे टप्प्यांच्या वेळा मिळतात, पण ते सगळे एकाच कामाचे. इथे घोट्याला बांधलेली चिप आठ धावा, आठ स्टेशनं आणि रॉक्सझोन असे सतरा वेगळे आकडे देते. रॉक्सझोन म्हणजे धावण्याचा ट्रॅक आणि स्टेशन यांच्यामधला पट्टा. तिथून जाण्या-येण्यात गेलेला सगळा वेळ एका ओळीत बेरीज करून दिलेला असतो.

एक निकाल समोर ठेवू

आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण असं पान कुठल्याही शर्यतीत सापडेल. पुरुष ओपन गट, वय ३५ ते ३९, एकूण वेळ १:३९:४३. आपल्या या गड्याच्या आठ धावा अशा: ५:१०, ५:३५, ६:२०, ६:१५, ६:३०, ६:१०, ६:२०, ७:१०. स्टेशनं क्रमाने अशी: स्कीअर्ग ४:४८, स्लेड पुश ३:२०, स्लेड पुल ५:५०, बर्पी ६:१०, रोइंग ५:०५, फार्मर्स कॅरी २:२०, लंजेस ५:५०, वॉल बॉल ८:२०. रॉक्सझोन ८:३०.

बेरीज केली तर धावण्यात ४९:३०, स्टेशनांवर ४१:४३ आणि उरलेली साडेआठ मिनिटं रॉक्सझोनमध्ये. म्हणजे निम्मा वेळ नुसता पळण्यात. हायरॉक्सला 'जिमवाल्यांची शर्यत' समजणाऱ्यांनी हा पहिला हिशेब स्वतःच्या निकालावर करून पाहावा.

आता पुढचा प्रश्न: हे आकडे चांगले की वाईट? ६:१० मध्ये ८० मीटर बर्पी ही कशी कामगिरी म्हणायची? एकटा आकडा काहीच सांगत नाही. तुलना लागते, आणि तुलना कुणाशी करायची इथेच बहुतेकांचं गणित फिसकटतं. जगज्जेत्याचे स्प्लिट शेजारी ठेवले की सगळ्याच ओळी लाल दिसतात. त्यातून कळतं एवढंच की तो जगज्जेता आहे. गटाच्या सरासरीशी तुलना केली तरी दिशा मिळत नाही, कारण आपल्याला सरासरी गाठायची नाही, आपल्याला दहा मिनिटं पुढे जायचंय. म्हणून त्याच दिवशी, त्याच गटात आपल्यापेक्षा साधारण दहा मिनिटं आधी आलेले पंधरा-वीस जण निवडावेत. निकाल सगळ्यांना पाहता येतात. तासभर बसून ते एका शीटमध्ये भरावेत आणि प्रत्येक ओळीचा मध्यक काढावा.

सरासरी का नको? समजा पाच जणांचे स्लेड पुल ५:१०, ५:२०, ५:३०, ५:४० आणि ११:५० आहेत. शेवटच्याचे बूट घसरत होते किंवा त्याची पाठ धरली. सरासरी येते ६:४२, म्हणजे पाचांपैकी चौघांनी जिच्यापेक्षा मिनिटभर तरी कमी वेळ घेतला अशी एक संख्या. मध्यक म्हणजे ओळीत मधोमध उभा असलेला, ५:३०. तो एका माणसाच्या वाईट दिवसाने हलत नाही.

आपल्या गड्याने असा दीड तासवाल्यांचा मध्यक काढला आणि हे दिसलं, असं धरू. धावण्यात तो ५ मिनिटं मागे. वॉल बॉलमध्ये १:५० मागे. रॉक्सझोनमध्ये दीड मिनिट. बर्पीत ४० सेकंद, लंजेसमध्ये ३०, स्लेड पुलमध्ये १०. स्कीअर्ग आणि रोइंग दोन्ही मिळून फक्त ८ सेकंद, फार्मर्स कॅरीत ५. आणि स्लेड पुशमध्ये तो चक्क १५ सेकंदांनी पुढे!

९ मिनिटं ३८ सेकंदांच्या अंतरातली ८ मिनिटं २० सेकंद तीन ओळींत सापडली. आता हाच माणूस जिममध्ये आठवड्यातून तीनदा रोइंग मशीनवर घाम गाळत असेल, कारण मशीन रिकामं असतं आणि स्क्रीनवर आकडे दिसतात, तर तो पाच सेकंदांसाठी महिना घालवतोय.

मशीनवर सेकंद महाग का

यामागे एक साधं भौतिकशास्त्र आहे. स्कीअर्ग आणि रोइंगची कॉन्सेप्ट टू कंपनीची मशीनं पंख्याने हवा ढवळतात, आणि त्यात लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५०० मीटरला २:२० या पेसने, म्हणजे गतीने, १००० मीटर केले तर ४:४० लागतात आणि ताकद पडते सुमारे १२७ वॉट. पेस २:१० वर आणला तर वेळ ४:२०, ताकद सुमारे १५९ वॉट. म्हणजे २० सेकंद वाचवायला पंचवीस टक्के जास्त ताकद लावायची.

पळताना असं होत नाही. सपाट जमिनीवर पळायला दर मिनिटाला लागणारी ऊर्जा ढोबळमानाने वेगाच्याच प्रमाणात वाढते. ६:२० च्या किलोमीटरचा वेगही मशीनवर वाढवला तितकाच, म्हणजे पावणेआठ टक्क्यांनी वाढवला तर ५:५३ होतात. सत्तावीस सेकंद वाचले, आणि जादा मेहनत आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून अनुभवी खेळाडू स्कीअर्गवर हात राखून असतात. तिथे शेजाऱ्याशी चुरस लावणाऱ्याला वीस सेकंद मिळतात, पण पुढचे दीड तास त्याची किंमत चुकवावी लागते.

म्हणूनच 'मी कुठे मागे आहे' या प्रश्नाला मी 'कुठलं मिनिट स्वस्तात मिळेल' हा प्रश्न जोडतो. दोन्हींची उत्तरं दर वेळी जुळतातच असं नाही.

सगळ्यात स्वस्त ओळ

रॉक्सझोन. साडेआठ मिनिटं म्हणजे ५१० सेकंद. आठ वेळा आत जायचं आणि सात वेळा बाहेर यायचं (वॉल बॉल संपले की थेट शेवटची रेषा), अशा पंधरा फेऱ्या. प्रत्येकी ३४ सेकंद. पाणीही याच पट्ट्यात ठेवलेलं असतं, त्यामुळे इथे माणसं रेंगाळतात, कमरेवर हात ठेवतात, पुढचं स्टेशन कुठे आहे ते शोधत उभी राहतात. चालण्याऐवजी हळू जॉग केलं, शर्यतीआधी हॉलचा नकाशा पाहून ठेवला आणि पाणी ठरवून तीनदाच प्यायलं, तर फेरीमागे आठ सेकंद सहज सुटतात. पंधरा आठे एकशेवीस. दोन मिनिटं, एकही डिप्स न मारता.

एक खबरदारी मात्र घ्यावी. रॉक्सझोनची लांबी हॉलप्रमाणे बदलते. मुंबईचा आकडा दिल्लीच्या आकड्याशेजारी ठेवून 'मी सुधारलो' म्हणण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये पळालेल्यांशीच तो ताडून पाहावा.

वॉल बॉल: ताकदीचा आकडा की विश्रांतीचा?

ही ओळ जवळून पाहण्यासारखी आहे. ओपन गटातल्या पुरुषांना सहा किलोचा चेंडू घेऊन पूर्ण बसायचं, उठताना तो दहा फुटांवरच्या गोलावर मारायचा आणि झेलत पुन्हा बसायचं, असं शंभर वेळा. एका फेकीला साधारण सव्वादोन-अडीच सेकंद लागतात आणि हा वेग थकल्यावरही फारसा बदलत नाही, कारण चेंडू वर जाऊन खाली यायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. २.३ सेकंद धरले तर शंभर फेकींचे २३० सेकंद, म्हणजे ३:५०.

आपल्या गड्याला लागले ८:२०. मग उरलेली साडेचार मिनिटं कुठे गेली? तो चेंडू पायाशी ठेवून उभा होता. काही फेकी नो रेप ठरल्या असतील, म्हणजे चेंडू गोलाखाली लागला किंवा बैठक पूर्ण झाली नाही म्हणून परीक्षकाने मोजल्याच नाहीत. नो रेप निकालात वेगळे दिसत नाहीत. ते ८:२० मध्येच विरघळलेले असतात. त्यासाठी कुणाला तरी कठड्याबाहेरून शेवटच्या स्टेशनचा व्हिडिओ काढायला सांगावं. पदकाच्या फोटोपेक्षा तो जास्त कामाचा.

अशा निकालामागची गोष्ट बहुधा ठरलेली असते. सुरुवातीला जोशात तीस फेकी सलग, मग मांड्या पेटतात, चेंडू खाली, वीस-पंचवीस सेकंद श्वास, मग आठ, मग पाच, मग तीन-तीन. त्याऐवजी पहिल्यापासून दहा-दहाचे दहा संच करायचे आणि मध्ये पंधरा सेकंद मोजून थांबायचं. नऊ विश्रांतींचे १३५ सेकंद अधिक २३० म्हणजे ३६५. वेळ ६:०५. सव्वादोन मिनिटं वाचली आणि ताकद आहे तेवढीच आहे. अर्थात दहाचा संच थकलेल्या पायांनी निभतो का, हे आधी सरावात लंजेसनंतर करून पाहायला हवं. तेही जमत नसेल तर आठचे संच करावेत. तत्त्व तेच राहतं.

धावण्याची पाच मिनिटं, आणि दोष भलत्याच ओळीचा

सगळ्यात मोठी तूट धावण्यात आहे. सरळ उपाय सुचतो, की जास्त पळा. थांबा. आधी त्याचा ताज्या पायांचा वेग पाहू. समजा हा माणूस साध्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत ५४ मिनिटं घेतो, म्हणजे किलोमीटरला ५:२४. हायरॉक्समध्ये त्याची सरासरी आली ६:११. दर किलोमीटरला ४७ सेकंद, आठ किलोमीटरला सहा मिनिटांहून थोडं जास्त. पळता येत नाही म्हणून ही मिनिटं गेली नाहीत. थकलेल्या पायांनी पळता आलं नाही म्हणून गेली. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

आता आठ धावा क्रमाने वाचा. ५:१०, ५:३५ आणि एकदम ६:२०. हा डोंगर तिसऱ्या धावेत उभा राहिला, म्हणजे स्लेड पुशनंतर लगेच. आणि स्लेड पुशमध्येच तर तो पंधरा सेकंदांनी सरस होता! स्लेडसकट १५२ किलो त्याने जोर लावून ढकलले, शाबासकी मिळवली, आणि पोटऱ्या-मांड्या अशा भरून आल्या की पुढच्या सहा धावांत एकदाही तो सहाच्या आत आला नाही. निकालाच्या पानावर हिरवी दिसणारी ओळ पुढच्या लाल ओळींची जन्मदाती होती.

हायरॉक्सच्या निकालात जिथे वेळ गेलेला दिसतो तिथेच तो गेलेला असतो असं नाही. प्रत्येक धाव तिच्या आधीच्या स्टेशनसह वाचावी. तिसरी धाव स्लेड पुशची साक्ष देते, चौथी स्लेड पुलची, पाचवी बर्पीची, आठवी लंजेसची. आपल्या गड्याची सहावी धाव पाहा: पाचवीपेक्षा वीस सेकंदांनी वेगवान. आधी रोइंग होतं, तिथे बसून पायांना जरा उसंत मिळाली. आठवी ७:१० आहे म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही. शंभर मीटर लंजेसनंतर सगळ्यांचेच पाय लाकडाचे होतात. आपली आठवी धाव बाकीच्यांच्या आठवीशीच ताडावी.

मग दोषी कोण, पहिली धाव की स्लेड? ५:१० हा त्याच्या दहा किलोमीटरच्या पेसपेक्षाही वेगवान आहे, आणि पुढे दीड तासाचं काम बाकी आहे. संशयाला जागा आहे. पण त्याआधी एक तपासणी करावी. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीची रेषा वेगळ्या जागी असल्यामुळे पहिल्या धावेचं अंतर बाकीच्यांपेक्षा थोडं कमी-जास्त भरतं. सोबतच्या वीस जणांचीही पहिली धाव दुसरीपेक्षा वीस-पंचवीस सेकंदांनी वेगवान असेल, तर दोष ट्रॅकच्या आखणीचा. त्यांच्यात फरक पाच-सात सेकंदांचा असेल, तर आपला गडी गर्दीच्या उत्साहात वाहवत गेला. घड्याळाचा पेस इथे पुरावा म्हणून धरू नये. हॉलच्या छताखाली जीपीएस चालत नाही आणि घड्याळ पावलांवरून अंदाज बांधत बसतं.

अशीच एक गंमत लॅप मोजण्यात होते. एक किलोमीटर म्हणजे ट्रॅकच्या किती फेऱ्या, हे ठिकाणानुसार ठरतं आणि त्या आपल्या आपणच मोजायच्या असतात. एखादी धाव शेजारच्या धावांपेक्षा दोन मिनिटांनी फुगलेली दिसली तर फिटनेसला दोष देण्याआधी जादा फेरी मारली का ते आठवावं. थकलेल्या डोक्याला तीन आणि चारमधला फरक कळत नाही. फेरी कमी पडली तर दंड असतोच, त्यामुळे शंका आली की लोक एक जास्तच मारतात.

पुढच्या शर्यतीचा व्यवहार असा मांडता येईल. पहिली धाव ५:३५ ला, तोटा २५ सेकंद. स्लेड पुश ३:५० ला, छोट्या पावलांनी, मधे श्वास घेत. तोटा ३० सेकंद. एकूण ५५ सेकंद आपण मुद्दाम सोडले. त्या बदल्यात पुढच्या सहा धावा प्रत्येकी पंधरा सेकंदांनी सुधारल्या तर ९० सेकंद मिळाले. निव्वळ फायदा ३५ सेकंद. फार नाही, आणि तो मिळेलच याची हमीही नाही. हा अंदाज आहे आणि सरावात तो तपासता येतो. ठरवलेल्या पेसने एक किलोमीटर पळा, जोरात स्लेड पुश करा, पुन्हा एक किलोमीटर पळा. दुसऱ्या दिवशी नव्हे, चार दिवसांनी तेच करा, फक्त स्लेड सावकाश. दोन्ही वेळच्या दुसऱ्या किलोमीटरमधला फरक हीच तुमच्या स्लेडची खरी किंमत. कुणाची ती दहा सेकंद निघते, कुणाची पन्नास. दहा निघाली तर स्लेड बिनधास्त रेटा, दोष दुसरीकडे शोधा.

इथे शरीराच्या वजनाचाही विचार व्हावा. स्लेडचं वजन गटातल्या सगळ्यांना सारखं. साठ किलोच्या माणसासाठी १५२ किलो म्हणजे स्वतःच्या अडीचपट, पंच्याऐंशी किलोच्या माणसासाठी दुपटीपेक्षाही कमी. आपल्याकडे हाफ मॅरेथॉन करून हायरॉक्सकडे वळलेले काटक धावपटू स्लेडवर अडकतात आणि स्वतःला कमजोर समजतात. त्यांनी वयोगटाच्या मध्यकापेक्षा आपल्याच चणीच्या, साधारण आपल्याएवढाच वेळ धावण्यात घेणाऱ्या लोकांकडे पाहावं. ते स्लेडवर किती हरतात आणि बर्पीत किती परत मिळवतात, ते बघावं. उलट जिममधून आलेल्या दणकट माणसाने स्लेडच्या हिरव्या ओळीवर खूश होऊ नये. त्याची कसोटी तिसऱ्या धावेत.

दोन शर्यतींची तुलना

दुसरी शर्यत झाली. वेळ १:३६:३०. तीन मिनिटं तेरा सेकंदांची सुधारणा! कदाचित. स्लेड ज्या कार्पेटवर ढकलायची त्याचं घर्षण ठिकाणागणिक बदलतं. घर्षण दहा टक्क्यांनी वाढलं की ढकलायला लागणारा जोरही तेवढाच वाढतो. रॉक्सझोनची लांबी बदलते, ट्रॅकची वळणं बदलतात, तुमची वेळ सकाळची की दुपारची यानेही फरक पडतो. त्यामुळे दोन ठिकाणच्या मिनिटांची वजाबाकी ही कच्ची तुलना.

यातून वाट काढायला एमएचटी-सीईटीची पद्धत उपयोगी पडते. तिथे परीक्षा अनेक सत्रांत होते, एका सत्राचा पेपर सोपा जातो, दुसऱ्याचा अवघड, म्हणून गुणांऐवजी त्याच सत्रातल्या किती टक्के मुलांच्या पुढे आहात, तो पर्सेंटाइल बघतात. हायरॉक्सलाही हेच लावता येतं. पहिल्या शर्यतीत गटातल्या ४०० पैकी १८० वा क्रमांक होता, म्हणजे २२० जण मागे, ५५ पर्सेंटाइल. दुसऱ्यात ४०० पैकी २१० वा, म्हणजे साडेसत्तेचाळीस. वेळ सुधारली आणि स्थान घसरलं. ट्रॅक सोपा होता, किंवा आलेली मंडळी जास्त तयारीची होती.

या दोन शक्यता वेगळ्या करणं मात्र सीईटीसारखं सोपं नाही. तिथे प्रत्येक सत्रात साधारण सारख्याच दर्जाची मुलं आहेत असं गृहीत धरता येतं, इथे नाही. एखाद्या शहरातली पहिलीच शर्यत असेल तर हौशे-नवशे जास्त. जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवायची शेवटची संधी असेल तर झाडून सगळे तयारीचे. म्हणून त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय म्हणजे दोन्ही शर्यती पळालेली माणसं शोधणं. क्लबातले, जिममधले दहा-बारा तरी निघतातच. त्यांचा मध्यक चार मिनिटांनी सुधारला असेल आणि तुमची वेळ तीन, तर ती तीन मिनिटं बहुतांशी हॉलने दिलेली आहेत.

ओळी सुट्या पाहिल्या तर चित्र आणखी स्वच्छ होतं. स्कीअर्ग आणि रोइंगचं अंतर मशीन मोजतं, त्यामुळे जागा बदलली तरी ते आकडे तुलनेला बऱ्यापैकी टिकतात. वॉल बॉलही, चेंडू, गोल आणि शंभराचा आकडा सगळीकडे तोच, फक्त परीक्षक कडक की ढिला एवढा फरक. स्लेड आणि रॉक्सझोनची तुलना ठिकाण बदललं की सोडून द्यावी. धावांची तुलना आकड्यांपेक्षा आकाराने करावी: तिसऱ्या धावेतला तो डोंगर आहे की सपाट झाला? पहिल्या वेळी दुसऱ्या धावेवरून तिसरीवर ४५ सेकंदांची उडी होती. आता ती २० वर आली असेल, तर एकूण वेळ काहीही असो, स्लेडचा डाव जमला. हा फरक त्याच हॉलमधल्या, त्याच माणसाच्या दोन लागोपाठच्या धावांचा असल्यामुळे ट्रॅकची लांबी-रुंदी बऱ्याच अंशी आपोआप वजा होते. मला विचाराल तर सतरा ओळींतून काढता येणारा सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच. त्यात कार्पेटचा वाटा तेवढा उरतो: तो गुळगुळीत असेल तर पाय कमी भरतात.

डबल्सच्या, म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या शर्यतीच्या निकालावर हे सगळं लावायला जाऊ नये. तिथे दोघांना सोबतच पळावं लागतं, त्यामुळे धावांचे आकडे दोघांतल्या हळू माणसाचे असतात. स्टेशनं वाटून घेतलेली असतात आणि कुणी किती मीटर ओढले ते पानावर येत नाही. नवरा-बायकोने डबल्स केलं असेल तर या ओळींवरून कोण कमी पडलं हे ठरवायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तिथे कामाची ओळ एकच, रॉक्सझोन. दोघांपैकी कोण आधी चेंडू उचलणार हे स्टेशनवर पोहोचल्यावर ठरवत बसलात का, ते तिथे सेकंदांत लिहिलेलं असतं.